दुसरा अल्बम: आधी आवाज, मग बाकी सगळं

पहिल्या अल्बमची गाणी वर्षानुवर्षं वाजवून घासूनपुसून निघालेली असतात. कुठला अंतरा रेंगाळतो, कुठल्या ओळीला समोरचे सोबत गातात, ड्रमरचा हात कुठे अडखळतो, हे सगळं स्टुडिओत शिरण्याआधीच ठाऊक असतं. दुसऱ्या अल्बमची गाणी बहुधा कार्यक्रमांच्या मधल्या फटींत लिहिली जातात आणि ओली असतानाच रेकॉर्ड होतात. त्यात अल्बम स्वतःच्या आयुष्याबद्दल असेल, तर अडचण दुप्पट होते. सगळा भार शब्दांवर आणि गळ्यावर, पण स्टुडिओचे दिवस मात्र ड्रम आणि गिटार खाऊन टाकतात. गायन शेवटच्या दोन दिवसांत उरकलं जातं, तेही थकलेल्या गळ्याने. म्हणून इथे क्रम उलटा लावला आहे: प्रत्येक पायरीवर आधी आवाजाचा विचार, मग बाकीचं.

गाणी लिहिताना

अल्बमला १० किंवा ११ गाणी हवी असतील, तर २५ ते ३० कच्ची गाणी लिहा. फोनवर फक्त आवाज आणि एक वाद्य असं रेकॉर्डिंग पुरेसं आहे. प्रत्येक गाणं तीन आठवडे बाजूला ठेवा आणि मग एकदाच, शेवटपर्यंत ऐका. एका गिटारवर, हळू आवाजात उभं राहत नाही, ते गाणं पूर्ण बँड लावूनही उभं राहत नाही. फक्त त्याचा अशक्तपणा झाकला जातो.

पंधरा गाणी झाली की एक तक्ता करा: पट्टी, टेम्पो, विषय, पहिली ओळ, कोरस (पुन्हा पुन्हा येणारं धृपद) कितव्या सेकंदाला येतो. गिटारवर लिहिणाऱ्यांची बोटं त्याच चार कॉर्डांवर जातात आणि अर्धी गाणी ९० ते १०० बीपीएमच्या (मिनिटाला इतके ठोके) पट्ट्यात अडकतात. तक्त्यात हे लगेच दिसतं. तसं दिसलं तर पुढची पाच गाणी पियानोवर लिहा, किंवा गिटारच्या तारा नेहमीपेक्षा वेगळ्या सुरांत, ड्रॉप-डी वा डी-ए-डी-जी-ए-डी अशा लावा. हात अनोळखी जागी गेला की चालही बदलते.

वैयक्तिक गाण्यात एका गाण्याला एकच प्रसंग द्या. 'मी खूप एकटा होतो' ही ओळ कुणाचीही असू शकते. दाराला लटकून राहिलेली चावी तुमचीच असते. पण तपशील दुसऱ्या माणसाचाही असतो. जागा, काळ आणि वस्तू या तिन्हींवरून माणूस ओळखू येतो, म्हणून वस्तू ठेवा आणि उरलेली दोन बदला. तरीही तो ओळखू येणार असेल, तर मिक्सिंग (सगळे आवाज एकत्र बसवणं) सुरू होण्याआधी त्याला गाणं ऐकवा. त्या टप्प्यावर ओळ बदलणं म्हणजे अर्ध्या तासाचं पुन्हा गाणं. मास्टरिंगनंतर (मिक्सची अंतिम प्रत तयार झाल्यावर) तीच ओळ बदलायची तर गायन, मिक्स, मास्टर सगळंच पुन्हा करावं लागतं. आजारपण आणि घरातले वाद यांबाबत ही पायरी गाळू नका.

सगळी गाणी समोर ठेवून त्यांतला 'तू' कोण आहे तेही तपासा. चार गाण्यांत एकच 'तू' असेल, तर ऐकणारा त्यांची आपोआप एक गोष्ट जुळवतो आणि मग गाण्यांचा क्रम त्या गोष्टीला धरून लावावा लागतो.

शब्द गळ्यात बसतात की नाही, हे कागदावर कळत नाही. कोरसच्या सर्वांत उंच सुरावर 'आ' किंवा 'ओ' असलेला शब्द आणा. 'ई' आणि 'ऊ' तिथे गळा आवळतात. लांब धरायच्या सुरावर ऱ्हस्व अक्षर आलं, की 'मन'चं 'माऽन' होतं आणि अर्थ हरवतो, म्हणून ओढायच्या जागी दीर्घ अक्षर बसवा. ओळीच्या सुरुवातीला 'फ', 'भ', 'प' आले तर माइकवर हवेचा फटका बसतो. 'स', 'श', 'च' यांची गर्दी झाली तर पुढे मिक्समध्ये शिट्टीसारखा आवाज कमी करत बसावं लागतं. इथे एक शब्द बदलणं हे कुठल्याही प्लगइनपेक्षा (सॉफ्टवेअरमधल्या दुरुस्तीपेक्षा) चांगलं.

पट्टी आणि टेम्पो

मूळ पट्टी, अर्धा सूर वर आणि अर्धा सूर खाली, अशा तीन पट्ट्यांत कोरस प्रत्येकी तीन वेळा पूर्ण जोराने गा. वरचा सूर तिसऱ्या खेपेलाही स्थिर लागला, तर ती पट्टी तुमची. सोयीसाठी फार खाली येऊ नका. पॉप रॉकचा कोरस आवाज छातीतून निघून ताणला जायला लागतो त्या काठावर असेल तेव्हाच भिडतो. एक पूर्ण सूर खाली आणला की तोच कोरस गप्पा मारल्यासारखा वाटतो. कोरससाठी निवडलेल्या पट्टीत अंतरा फार खर्जात जात असेल, तर पट्टी बदलण्याऐवजी अंतऱ्याची चाल बदला.

टेम्पोसाठी तीन कच्चे डेमो करा: मनातला आकडा, चार बीपीएम जास्त आणि चार कमी. सर्वांत दाट शब्दांची ओळ निवडा आणि ती तिन्हींत गाऊन बघा. ती ओळ जिथे स्पष्ट आणि विनासायास बसते, तो टेम्पो धरा. क्लिकवर (कानात वाजणाऱ्या ठोक्यांवर) गाणं यांत्रिक वाटत असेल, तर कोरसला एक-दोन बीपीएम वाढवा आणि अंतऱ्याला परत आणा. ऐकणाऱ्याला वेग वाढल्याचं कळत नाही, उसळी मात्र जाणवते. हा टेम्पो-नकाशा ड्रमच्या रेकॉर्डिंगआधी पक्का व्हायला हवा. नंतर बदलला तर सगळं ताणावं लागतं.

डेमो असा करा की त्यातला आवाज वापरता येईल

वैयक्तिक गाण्याचा सर्वांत खरा टेक (एका खेपेचं रेकॉर्डिंग) बऱ्याचदा ते लिहिलं त्याच आठवड्यात मिळतो. सहा महिन्यांनी सूर जास्त नेटका लागतो, पण शब्द नवे राहिलेले नसतात. म्हणून डेमो फोनवर थांबवू नका. गाणं यादीत आलं की त्याच आठवड्यात ते नीट रेकॉर्ड करा:

- ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, क्लिकवर.
- कंडेन्सर माइक, सगळ्या गाण्यांना एकच. तोंडापासून १५ ते २० सेंटिमीटर, मध्ये पॉप फिल्टर (हवेचा फटका अडवणारी जाळी).
- सरासरी पातळी उणे १८ डीबीएफएसच्या (डिजिटल पातळीचं माप, शून्य म्हणजे कमाल) आसपास, सर्वांत मोठा आवाज उणे १० ते उणे ८. रिव्हर्ब (खोलीसारखा घुमारा) आणि कॉम्प्रेसर (आवाजातला चढ-उतार कमी करणारा) फक्त कानात, फाइलमध्ये कोरा आवाज.
- माइकचं अंतर, प्रीअँपचा गेन (माइकचा आवाज किती वाढवला ते) आणि खोलीतली उभं राहायची जागा वहीत लिहून ठेवा. स्टुडिओत दोन ओळी जोडायच्या असतील तर याच नोंदी कामी येतात.

घरच्या खोलीत जाड गोधडी किंवा रजई लावायची ती गायकाच्या पाठीमागे. कार्डिऑइड माइक समोरून ऐकतो, म्हणजे गायकाच्या मागच्या भिंतीवरून येणारा आवाज त्यात थेट शिरतो. माइकच्या मागे फोम लावून फारसं काही साधत नाही. खोलीच्या बरोबर मध्यावर आणि कोपऱ्यात उभं राहू नका, कारण तिथे खालचे सूर फुगतात किंवा गायब होतात. हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज उशिरा येत असेल तर बफर (संगणक एका वेळी हाताळतो तेवढे आवाजाचे नमुने) ६४ किंवा १२८ सॅम्पलवर आणा. ४८ किलोहर्ट्झला १२८ सॅम्पल म्हणजे एका दिशेने सुमारे २.७ मिलिसेकंद, आणि तेवढं चालतं.

डेमो झाला की तो रोज ऐकू नका. दोनशे वेळा ऐकलेल्या डेमोतली चुकीची कॉर्डसुद्धा बरोबर वाटू लागते आणि नंतर येणारं सगळंच परकं वाटतं.

तालीम आणि जागेचा नकाशा

स्टुडिओआधी बँडसोबत पाच-सहा दिवस तालीम ठेवा आणि नवी गाणी निदान दोनदा लोकांसमोर वाजवा. पहिल्या अल्बमच्या गाण्यांना जे आपसूक मिळालं होतं, ते इथे मुद्दाम करावं लागतं. समोरच्यांचं लक्ष कुठल्या मिनिटाला सुटतं ते बँडबाहेरच्या कुणाला तरी टिपायला सांगा. बहुतेक वेळा ती जागा दुसऱ्या अंतऱ्यात असते, आणि उपाय म्हणजे तो अंतरा निम्मा करणं.

प्रत्येक गाण्यासाठी एका कागदावर आडव्या ओळींत आठ-आठ बारचे (तालाच्या आवर्तनांचे) तुकडे आणि उभ्या रकान्यांत वाद्यं मांडा. पहिला रकाना आवाजाचा. जिथे आवाज गातोय तिथे लीड गिटारची चाल, सिंथची चाल आणि मागच्या साथीच्या गायकांचे सूर एकाच वेळी वाजत असतील, तर त्यांतलं एकच ठेवा. शब्द समजायला लागणारी माहिती साधारण २ ते ४ किलोहर्ट्झमध्ये असते, आणि विकृत (डिस्टॉर्शन लावलेल्या) गिटारचा कडकपणाही नेमका तिथेच बसतो. ही टक्कर मिक्समध्ये इक्वलायझरने सोडवता येते, पण दोन्ही बाजू बारीक होतात. वाजवण्यातच सोडवली की दोन्ही भरीव राहतात.

ड्रम, बास, गिटार

ड्रमला आदल्या दिवशी नवी कातडी चढवा, म्हणजे रात्रभरात ती ताणून स्थिर होतात. दोन्ही ओव्हरहेड (ड्रमच्या वर टांगलेले) माइक स्नेअरच्या (खाली तारा असलेल्या ड्रमच्या) मध्यापासून सारख्याच अंतरावर हवेत. दोरी लावून मोजा. आवाज एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो, त्यामुळे हातभर फरकानेही स्नेअर पोकळ वाटू लागतो. स्नेअरच्या खालच्या माइकची पोलॅरिटी (लहरीची वर-खाली दिशा) उलटी करा. ड्रमरला सिंबलवर हलका आणि ड्रमवर जड हात ठेवायला सांगा. सिंबल प्रत्येक माइकमध्ये शिरतात आणि मागाहून आवाजाच्या वरच्या सुरांना झाकतात. हळुवार गाण्यात ड्रम थांबलेला असताना स्नेअरच्या तारा बासच्या सुरांनी खरखरतात, म्हणून तेवढ्या भागात तारा सोडून ठेवा.

बास थेट लाइनमधून आणि अँपमधून असा एकाच वेळी घ्या. दोन्ही लहरी स्क्रीनवर मोठ्या करून बघा. अँपची लहर मागे असेल तर पुढे सरकवा, नाहीतर तळ विरतो.

गिटारसाठी गेन मंचावर असतो त्यापेक्षा कमी ठेवा. एकावर एक थर चढले की विकृती साचत जाते आणि कॉर्डचा मधला सूर ऐकू येत नाही. डावी-उजवी गिटार म्हणजे तोच भाग दोनदा वाजवलेला. एका टेकची नक्कल दुसऱ्या बाजूला ठेवून रुंदी येत नाही, फक्त आवाज मोठा होतो. शूर एसएम ५७ सारखा माइक जाळीपासून दोन ते पाच सेंटिमीटरवर ठेवा. शंकूच्या मध्याकडे नेला की आवाज धारदार होतो, कडेकडे नेला की गडद. अकूस्टिक गिटारला लहान डायफ्रामचा कंडेन्सर बाराव्या-चौदाव्या पडद्यासमोर २० ते ३० सेंटिमीटरवर. भोकासमोर ठेवला तर नुसता घुमारा येतो. कॅपो (तारा दाबून धरणारी पकड) लावला की तारा किंचित चढतात, त्यामुळे लावल्यानंतर पुन्हा सूर मिळवा. प्रत्येक टेकआधी ट्यून करा. हे कंटाळवाणं आहे, पण गायकाचा सूर डळमळण्याचं पहिलं कारण बहुधा गिटारच असते.

गायन

इथे हात सैल सोडा. ११ गाण्यांना ११ दिवस मिळाले तर उत्तम. निदान सात तरी हवेतच. दिवसाला एक गाणं, फार तर दोन, आणि प्रत्यक्ष गाणं दोन ते तीन तासांपेक्षा जास्त नाही. ओरडून म्हणायची गाणी आठवड्याच्या शेवटी ठेवा, कारण त्यांनंतर गळा एक-दोन दिवस बसलेला राहतो. पाणी साधं प्या, थंड नको. सकाळी उठल्या उठल्या आवाज जड असतो. खर्जातला अंतरा हवा असेल तर ती वेळ सोन्यासारखी आहे, उंच कोरससाठी मात्र दुपारनंतरच बसा.

माइक आधी ठरवून टाकू नका. दोन-तीन माइक शेजारी लावा, एकच अंतरा सगळ्यांवर गा आणि वाद्यांसोबत ऐका. एकट्याने ऐकताना सुंदर वाटणारा चमकदार माइक तीक्ष्ण आवाजाच्या गायकाला टोचरा ठरतो. तिथे डायनॅमिक माइक जास्त शोभतो. कुजबुजल्यासारख्या ओळींसाठी माइकच्या आठ-दहा सेंटिमीटर जवळ या. जवळ आल्यामुळे खालचे सूर फुगतात आणि आवाज कानाशी आल्यासारखा वाटतो. कोरसला तेवढंच मागे सरका. ही सरक रोज सारखी व्हावी म्हणून जमिनीवर चिकटपट्टीच्या दोन खुणा करा. हाय-पास (खालचे सूर कापणारा फिल्टर) ८० हर्ट्झला ठेवा.

हेडफोनचा बॅलन्स हा सुराचा प्रश्न आहे. स्वतःचा आवाज कानात फार मोठा असेल तर गायक दबून गातो आणि सूर उतरतो. वाद्यं मोठी असतील तर तो आवाज ओढतो आणि सूर चढतो. तीन ओळी सलग उतरल्या तर गायकाला काही सांगण्याआधी बॅलन्स बदलून बघा. एक कान अर्धा उघडा ठेवला तर अनेकांचा सूर लगेच बसतो, मात्र त्या बाजूचा हेडफोन बंद करा, नाहीतर क्लिक माइकमध्ये गळते. रिव्हर्ब थोडासाच द्या. जास्त दिला की लांब सुरांचा शेवट सांभाळला जात नाही, कारण रिव्हर्बच तो सांभाळल्यासारखा वाटतो.

आधी संपूर्ण गाणं चार ते सहा वेळा, न थांबता. त्यानंतर ओळींचा कागद घ्या, प्रत्येक ओळीसमोर टेकचे रकाने आखा आणि ऐकत खुणा करा: एक खूण सुराची, एक लयीची, एक अर्थाची. तिसरी खूण सर्वांत महत्त्वाची. अर्थ लागलेली पण सूर थोडा हललेली ओळ दुरुस्त होते, तर सूर अचूक पण निर्जीव ओळीचं काहीच करता येत नाही. यातून एक सलग गायन जोडा आणि उरलेल्या भोकांपुरतं पंच-इन (तेवढाच तुकडा पुन्हा गाऊन भरणं) करा. सुरुवातीपासूनच ओळ-ओळ गाऊन घेतलं तर प्रत्येक ओळ सारख्याच जोमाने सुरू होते आणि गाण्याचा चढ-उतार नाहीसा होतो.

याच टेबलावर डेमोतला आवाजही एक टेक म्हणून ठेवा. कुठला जुना आणि कुठला नवा हे न सांगता निर्मात्याला ऐकवा. डेमोची ओळ निवडली गेली तर वहीतल्या नोंदींप्रमाणे माइक लावून शेजारच्या ओळी पुन्हा गा, म्हणजे जोड ऐकू येणार नाही.

दुखऱ्या गाण्यावर गायक रडू लागला तर रेकॉर्डिंग थांबवा. रडताना घसा आवळतो, श्वास तुटतो आणि शब्द जातात. पंधरा-वीस मिनिटांनी, डोळे कोरडे झाल्यावर, लगेच घेतलेला टेक मात्र पुष्कळदा ठेवण्याजोगा निघतो. त्या दिवशी खोलीत शक्य तितकी कमी माणसं असू द्या: गायक, इंजिनिअर, निर्माता.

दुहेरी आवाज, म्हणजे तेच गाणं पुन्हा गाऊन खाली ठेवणं, कोरसला द्या आणि मुख्य आवाजापेक्षा आठ-दहा डेसिबल खाली ठेवा. दुहेरीतले 'स', 'त', 'क' कापून टाका. दोन्हींतले असे वर्ण नेमके एकत्र पडत नाहीत आणि खडखडाट होतो. वैयक्तिक अंतऱ्याला दुहेरी आवाज देऊ नका. एकच माणूस बोलतोय असं तिथे वाटायला हवं.

दुरुस्ती आणि मिक्स

श्वास कापू नका. तीन-चार डेसिबल कमी केले तरी पुरे. पूर्ण काढले की ऐकणाऱ्याचाच श्वास कोंडल्यासारखा वाटतो. सूर-दुरुस्ती ओळीतल्या धरलेल्या सुरांपुरती हाताने करा, मींड आणि घसरत्या जागा तशाच ठेवा. ड्रम ग्रिडवर (क्लिकच्या अचूक ठोक्यांवर) ओढायचेच असतील तर अर्धेच ओढा. पूर्ण ओढल्यावर बास आणि गिटारही ओढावे लागतात, आणि शेवटी आवाजच मागे पडल्यासारखा वाटतो.

मिक्सची सुरुवात ड्रमपासून करण्याची सवय या अल्बमसाठी सोडा. आवाज, मुख्य गिटार किंवा पियानो आणि किक (पायाने वाजवायचा ड्रम) व बास हे आधी बसवा, आणि आवाज समजेनासा होणार नाही अशा बेताने बाकीचं आणा. डिलेचा (प्रतिध्वनीचा) वेळ टेम्पोवरून काढा: ६०,००० भागिले बीपीएम. १०० बीपीएमला चतुर्थांश नोट ६०० मिलिसेकंदांची, अष्टमांश ३०० ची. २०० ते ५०० हर्ट्झच्या गढूळपणासाठी आवाज कापण्याआधी गिटारचे थर कापा. आवाजाचा भरीवपणा तिथेच असतो.

मिक्सचे निर्णय स्पीकर फार हळू ठेवून घ्या. कुजबुजीएवढ्या पातळीवर शब्द समजत असतील आणि स्नेअर जाणवत असेल, तर समतोल बरोबर आहे. एकदा मोनोमध्ये (डावी-उजवी बाजू एकत्र करून) आणि एकदा फोनच्या स्पीकरवर ऐका. तुलनेसाठी आवडतं गाणं लावताना त्याची पातळी तुमच्या मिक्सएवढी खाली आणा, नाहीतर मोठं तेच चांगलं वाटतं. मास्टरिंगला देताना मुख्य बसवरचा (सगळे ट्रॅक एकत्र येतात तिथला) लिमिटर (पातळी दाबून धरणारं साधन) काढा आणि तीन ते सहा डेसिबल जागा ठेवा. सोबत आवाज एक डेसिबल वर केलेली प्रतही काढा. अनेकदा तीच निवडली जाते.

क्रम, मास्टर, कागदपत्रं

विनाइल काढायचं असेल तर क्रम आधीच त्या हिशोबाने लावा. ३३⅓ आरपीएमच्या बाजूवर १८ ते २० मिनिटं उत्तम, २२ च्या पुढे पातळी खाली आणावी लागते. तबकडीच्या आतल्या खोबणींत वरचे सूर फाटतात, म्हणून बाजूच्या शेवटी शांत गाणं आणि जोरकस गाणी सुरुवातीला. 'स'चा त्रास विनाइलवर दुप्पट होतो. त्यासाठी वेगळा मास्टर मागा.

बहुतेक स्ट्रीमिंग सेवा गाणी उणे १४ लफ्सच्या (ऐकू येणाऱ्या मोठेपणाचं माप) आसपास आणून वाजवतात, त्यामुळे पातळीसाठी गाणं चिरडून काही हाती लागत नाही. ट्रू पीक (लहरीचं खरं सर्वोच्च टोक) उणे १ डेसिबलवर ठेवा. गाण्यांमधली शांतता आकड्याने ठरवू नका. आधीच्या गाण्याची शेवटची दहा सेकंदं आणि पुढच्याची पहिली दहा ऐकून ठरवा.

गीतकार-संगीतकारांची टक्केवारी गाणं लिहिलं त्याच दिवशी कागदावर मांडून सह्या घ्या. अल्बम चालला की आठवणी बदलतात. प्रत्येक रेकॉर्डिंगला १२ अक्षरी आयएसआरसी (रेकॉर्डिंगची आंतरराष्ट्रीय ओळख) क्रमांक लागतो. मुखपृष्ठ किमान ३,००० गुणिले ३,००० पिक्सेल, चौरस. वितरकाकडे फाइल चार ते सहा आठवडे आधी द्या. स्पॉटिफायच्या संपादकांकडे गाणं सुचवायचं तर ते प्रदर्शनाच्या निदान सात दिवस आधी पोचायला हवं.

सेशन बंद करण्याआधी प्रत्येक ट्रॅक शून्य बारपासून शेवटपर्यंत एकसंध फाइल म्हणून काढा, टेम्पो फाइलच्या नावात लिहा, आणि वाद्यांची व नुसत्या आवाजाची वेगळी प्रत करा. तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यांतली एक दुसऱ्या पत्त्यावर. या सुट्या फाइली पहिल्याच तालमीत लागतात, कारण कोरसचे जे थर मंचावर गायला माणसं नाहीत, ते त्यांतूनच वाजवावे लागतात.